अण्णांचा पांगारा

वादळात पडलेल्या पांगाऱ्याच्या फांद्या तोडून वैजयंताने बांधावर लावल्या होत्या. त्या पुन्हा कुजल्या, तेव्हा तिने रोपकंपनीला फोन केला.

"मॅडम, सुधारित पांगारा आहे. ज्याच्या नावावर झाडाची नोंद आहे त्याच्या घामाचा वास मिळाल्याशिवाय फांदी मूळ धरत नाही. वडिलांनाच लावायला सांगा."

"अहो, ते वारले. किती वेळा सांगू?"

"मग वारसनोंद करा. पुढच्या हंगामात होईल."

"तोवर पडलेलं झाड वाळून जाईल. शेळ्यांना पाल्याऐवजी काय, तुमचा फोन चारू?"

तिने फोन आपटला आणि आईला विचारले, "अण्णांचं न धुतलेलं काही आहे का घरात?"

"तेराव्याला कपडे वाटले. त्याआधी तुझ्या आत्यानं सगळे धुतले. मळके कसे द्यायचे, म्हणाली."

"आत्याला नसते उद्योग!"

आत जाऊन आईने उशीच्या अभ्र्यातून अण्णांची बंडी काढून आणली. काखेत घामाचे पिवळे डाग तसेच होते. वैजयंताने ती नाकाशी धरली. तंबाखू, शेळ्या आणि अण्णा. पट्ट्या फाडून फांद्यांच्या बुडाला बांधल्या, की हे सगळे मातीत जाणार होते.

"आई, एक पट्टी ठेवू या का आपल्याला?"

"आणि नेमकी तीच फांदी मेली तर?" आई वैतागून म्हणाली. "फाड आता. हुंगून हुंगून तूच संपवशील त्यांना."