रेसचा कॅमशाफ्ट

मुलांनो, कोल्हापुरातल्या एका अंगणात उभी असलेली जुनी, दणकट अमेरिकन गाडी डोळ्यांसमोर आणा. तिच्या इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, झिजला होता. ती शलाकाच्या बाबांची गाडी. बाबा आत अंथरुणाला खिळलेले. डॉक्टरांनी हात टेकले होते.

दस्तगीर मिस्त्रींनी दोन नवे कॅमशाफ्ट शलाकाच्या आईपुढे ठेवले. "वहिनी, हा गरीब गाय, रोज चालवायला. हा रेसचा. उभ्या गाडीतही गुरगुरतो, पण गर्दीत रडवतो."

"गरीबच बसवा," आई म्हणाली. "हे बरे झाले की स्वतःच चालवणार."

मिस्त्रींनी गरीब कॅमशाफ्ट उचलला.

"काका, रेसचा बसवा," शलाका म्हणाली. "बाबांना आता नुसतं ऐकायचंय."

आईने तिच्याकडे पाहिले. मग रेसचा कॅमशाफ्ट मिस्त्रींपुढे सरकवला. शलाकाने आत जाऊन बाबांच्या खोलीची खिडकी सताड उघडली.