खोलीचं माप

कपाट पुढे ओढलं तेव्हा त्याला मागची भिंत दिसली. खालपासून हातभर काळी. बुरशीच होती ती, दुसरं काय! कपाटातल्या कपड्यांनाही तोच कुबट वास. आणि वर, अर्धी भिंत अडवून, त्याने पाठवलेला एसी ऐटीत बसला होता.

"आई, हे कधीपासून आहे?"

"असू दे रे. पुसते मी अधूनमधून." आई पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. अंगावरची चादर त्याने चाचपून पाहिली, तीही दमट. "तुझा एसी मात्र झकास आहे हो. शेजारीण बघतच राहिली. म्हटलं, उगाच नाही, मुलगा मोठमोठ्या इमारतींना किती गारवा लागतो त्याचा हिशोब करतो."

एवढ्यात एसी बंद पडला. आत्ता तर चालू झाला होता. गरजेपेक्षा मोठं मशीन खोली चटकन गार करून थांबतं, हवेतला ओलावा ओढून घ्यायला त्याला वेळच मिळत नाही, हे तो गिऱ्हाइकांना घसा कोरडा पडेपर्यंत सांगत आला होता. ऑफिसातल्या नवशिक्यांना तर या चुकीसाठी फैलावर घ्यायचा.

आईची खोली मात्र त्याने मोजलीच नव्हती. फोनवरून मशीन मागवताना खिडकी कुठल्या बाजूला आहे तेही आठवेना. ज्या खोलीत लहानाचा मोठा झाला, तिच्याबद्दल आईला विचारायचं कसं? मग सरळ दुप्पट मोठं घेतलं आणि फोनवर रुबाबात म्हणाला, "मोठंच घेतलंय आई. कमी पडायला नको."

"गुडघे दुखतात का? या एसीमुळेच ओल राहते खोलीत."

"वय झालं, दुखणारच. त्यात एसीला कशाला नावं ठेवतोस?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी करायचं म्हणून त्याने बॅगेतून टेप काढली. आई लगेच उठली, एक टोक भिंतीला लावून अंगठ्याने दाबून उभी राहिली. "तू सांगेपर्यंत सोडत नाही बघ!" लांबी झाली, रुंदी झाली, खिडकी झाली. दरवेळी ती टोक धरून पुढे तयार.

"खोलीत माणसं किती असतात?"

धंद्यातला नेहमीचा प्रश्न, सवयीने तोंडातून निघून गेला. त्याने जीभ चावली. वर बघायची हिंमत होईना.

आई मात्र खरोखरच विचार करत होती.

"दोन धर," ती म्हणाली. "तू येशील ना अधूनमधून. कमी पडायला नको."