पडवळचा पिंजरा

"मुक्या जिवाला असं कोंडून ठेवलंस, मला बघवेना गं!" वन्सं डोळे पुसत म्हणाल्या.

मी आंघोळीला गेले तेवढ्यात त्यांनी पिंजरा उघडला होता. पडवळ म्हणजे आमचा लांबुडका, आखूड पायांचा कुत्रा. त्याच्या मणक्याच्या ऑपरेशनचे टाकेसुद्धा अजून निघाले नव्हते. उडी मारली तर गादी पुन्हा सरकेल, असं डॉक्टरांनी दहादा बजावलं होतं. आणि वन्संनी सोफ्यावर बसून त्याला चकली दाखवली! त्याने उडी मारली, केकाटत खाली कोसळला. मागचे दोन्ही पाय लुळे.

"वन्सं, गेल्या वर्षी तुमच्याही मणक्याचं ऑपरेशन झालं. कूस बदलायलासुद्धा मला हाक मारायचात. तेव्हा मी कधी चकली धरून म्हटलं, मारा उडी?"

"अगं, मी माणूस आहे!"

"म्हणून तर तुम्हाला कळायला हवं होतं!"

वन्सं हुंदके देत जमिनीवरच बसल्या. "पडवळ, बाळा..."

त्यांचा आवाज ऐकताच त्याने मान उचलली, कान टवकारले, त्यांचा हात चाटला.

शेपटी तेवढी हलली नाही.