लाल दोऱ्याची बाटली

दौंडहून आलेली एस.टी. शिरूरच्या स्टँडवर थांबली तेव्हा म्हाळू एकटाच उभा होता. डोक्याला टोपी नव्हती. विठाबाई उतरल्यावर त्यानं तिच्या हातातलं गाठोडं घेतलं. 

"तुजी वहिनी कशी हाय?" विठाबाईच्या मागनं उतरलेल्या पोपटनं धाकट्या भावाला विचारलं.

"दादा, घरी चल. दवाखान्यातनं घरीच आणलंय तिला."

 आजारी लेकीला, जाईबाईला, भेटायला विठाबाई रेल्वेनं दौंडपर्यंत आली होती. जावई पोपट तिला आणायला दौंडला गेला आणि तेवढ्यात इकडं जाईबाई गेली.

टीबी आधी पोपटला झाला होता. त्याचं करता करता जाईबाईलाही लागला. शिरूरला टिपणीस डॉक्टरांचा धर्मादाय दवाखाना होता. त्यांनी दोघांना गोळ्या चालू केल्या.

"गोळ्या सोडायच्या नाहीत," डॉक्टर म्हणाले होते. "पण एखाद्याच्या लिव्हरला त्या सोसत नाहीत, कावीळ होते. म्हणून रोज सकाळी हा भुईआवळ्याचा रस घ्यायचा. कावीळ होणार नाही."

"भुईआवळा?" पोपटला हसू आलं होतं. "आमी खुरपून बांधावर टाकतो ते तण तुमी बाटलीत भरून देताय व्हय?"

"तुम्ही टाकता म्हणून तर मला फुकट मिळतं," डॉक्टरही हसले होते.

दोघांनाही वाचता येत नव्हतं. डॉक्टरांनी जाईबाईच्या बाटलीला लाल दोरा बांधला आणि पोपटच्या बाटलीला पांढरा. औषध दोन्हीत एकच आहे, असं सांगितलं.

जाईबाईला कडू अजिबात चालत नसे. घरात कारलं केलं तर त्या भाजीचं भांडंसुद्धा ती पोपटला घासायला लावायची. पहिल्याच दिवशी तिनं रस ओकून टाकला. दुसऱ्या दिवसापासून मात्र तिनं कुरकुर केली नाही. रोज सकाळी दोघं चुलीपुढं बसायची आणि पेले रिकामे करायची.

मग तिचे डोळे पिवळे दिसायला लागले. जेवण जाईना. डॉक्टरला दाखवू, असं म्हाळू म्हणाला.

"रस चालू हाय की," पोपट म्हणाला. "डॉक्टर बोललाय, कावीळ व्हणार न्हाई. अशक्तपणा असंल."

त्या भरवशावर दिवस गेले. सरकारी दवाखान्यात नेली तेव्हा तिला माणसं ओळखू येत नव्हती.

दहावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच पोपट डॉक्टरांच्या दारात जाऊन उभा राहिला. बरोबर विठाबाई आणि म्हाळू होते. दाराजवळच्या बाकावर सखूबाई नावाची एक बाई रिकामी बाटली घेऊन बसली होती. तिच्याही गोळ्या चालू होत्या.

"काय न्यायला आलीस बाई?" विठाबाईनं तिला विचारलं. "रस व्हय? नगं नेऊ. माजी लेक त्यापायी गेली."

सखूबाईनं बाटली पदराखाली घेतली.

"बसा पोपटराव," डॉक्टर आतून म्हणाले. "मला कळलं. फार वाईट झालं."

"बसायला न्हाई आलो," पोपट दारातच उभा राहिला. "तुमी बोलला व्हता, कावीळ व्हणार न्हाई. त्या बोलण्यावर मी बायकोला घरात ठिवली. रस नसता तर पिवळे डोळे बघितल्याबरोबर उचलून आणली असती. रस हाय म्हणून गप बसलो. आता ह्या बाकावरच्या बाईलाबी तुमी तेच सांगणार?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. पोपट बोलतच राहिला.

"गरिबाला पाला पाजून बघायचा. जगला तर डॉक्टरचा गुण, मेला तर त्याचं नशीब. आजपासनं ह्यो रस बंद करा. न्हाईतर ह्या दारातनं मी हलत न्हाई."

"सगळं सांगतो," डॉक्टर म्हणाले. "रसाचा उपयोग होतो का, हे मला बघायचं होतं. म्हणून मी सगळ्यांना रस दिला नव्हता. निम्म्या बाटल्यांत नुसतं गुळाचं पाणी होतं, रंग घातलेलं. दोन्हीत एकच औषध आहे असं सांगितलं ते खोटं होतं."

म्हाळू टेबलापर्यंत धावला. "म्हंजी? आमच्या वहिनीला पाणी पाजलं तुमी? औषध सांगून पाणी?"

"नाही. लाल दोऱ्याच्या बाटलीत खरा रस होता. पाणी पांढऱ्या दोऱ्याच्या बाटलीत होतं."

पोपटनं दाराची चौकट धरली.

"तेच तर मला कळेना," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या दोघांच्याही त्याच. जिला रस दिला ती कावीळ होऊन गेली आणि ज्याला पाणी दिलं तो ठणठणीत उभा आहे. माझा फार भरवसा होता त्या झाडावर. पण तुम्ही म्हणता तेच खरं, पोपटराव. रस कामाचा नाही."

ते उठले. कपाटातल्या भरलेल्या बाटल्या एकेक करून त्यांनी मोरीत ओतल्या. मग बाहेर येऊन सखूबाईसमोर हात पुढं केला. तिनं पदराखालची बाटली काढून दिली.

"गोळ्या मात्र चालू ठेवा," ते तिला म्हणाले.

"दादा, जितलास," म्हाळू हळूच म्हणाला. "दुसऱ्या कुणाच्या घरात आता असं व्हणार न्हाई."

विठाबाईनं जावयाच्या पाठीवर हात ठेवला. "बोललात ते बरं केलंत, पाव्हणं. माज्या लेकीच्या मागं तुमीच तेवढं बोललात."

सखूबाई पायरी उतरून रस्त्याला लागली. पोपट तिच्याकडं बघत उभा राहिला. पहिल्या दिवशी बायको ओकली तेव्हा त्यानं आपली गोड बाटली तिला दिली होती आणि तिची कडू बाटली स्वतः घेतली होती. हे त्यानं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.