मोराची मान

खुब्याच्या ऑपरेशननंतर मनगटाला लावलेली, रक्तातले बदल रंगाने दाखवणारी निळी पट्टी सकाळी तांबडी झाली. म्हणजे रक्तातला दाह वाढला होता आणि दुपारपर्यंत अण्णांना भ्रम होणार होता. येवल्याच्या त्या म्हाताऱ्या विणकराने लेकीला जवळ बोलावलं.

“कुमुद, मी तुला ओळखलं नाही तर समजावत बसू नकोस. माझ्यासोबत मागावर बस.”

दुपारी त्यांची बोटं खरोखरच हवेत विणू लागली. कुमुदने चादरीची कड ताणून धरली.

“सैल सोडू नका, बाई,” ते परक्या नजरेने म्हणाले. “मोराची मान विणतोय.”

ती त्यांच्या बोटांकडे बघत राहिली. रिकाम्या हवेत आधी मान उमटली, मग पिसारा. आणि पट्टीचा तांबडा रंग उतरत उतरत निळा झाला.

“कुमुद,” अण्णा म्हणाले, “हात भरून आले असतील तुझे. सोड आता.”