साबणाच्या डबीतला कान

"हळू मामा! समोरचा चहावाला बी ऐकायलाय," म्हणत चंद्रभाननं ओठांवर बोट ठेवलं.

सटवाजी ओशाळला. तो तर आपल्या मते चंद्रभानच्या कानात कुजबुजला होता. बहिऱ्याला आपला आवाज कुठवर जातो, ते कुठलं कळायला!

मानवतच्या त्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात सटवाजीसाठी कानाचं यंत्र तयार होत होतं. नामांतराच्या बंदमुळं परभणीहून आवाज वाढवणारी चिप, म्हणजे आयसी, उशिरा आली. आठ पायांची, काळी, झुरळाएवढी. चंद्रभाननं ती साबणाच्या डबीत बसवली, एकीकडं माइक जोडला, दुसरीकडं इअरफोन.

"भिंतीपल्याडचं ऐकू यायला पायजे," सटवाजी पुन्हा ओरडला.

चंद्रभाननं आयसीच्या पहिल्या आणि आठव्या पायांमध्ये कपॅसिटर टाकला. आवाज दहापट चढला आणि डबीनं अशी शिट्टी मारली की चहावाला धावत आला. मग त्यानं कपॅसिटरला एक रेझिस्टन्स जोडला, माइक इअरफोनपासून लांब नेला. शिट्टी थांबली.

सटवाजीच्या कानात इअरफोन घालून तो म्हणाला, "माइक कानाजवळ नेऊ नका. शिट्टी वाजली की पकडले जाताल."

सटवाजीनं डबी बंडीच्या खिशात लपवली. दसऱ्यापासून जेवलं की त्याला उलट्या व्हायच्या. पोरगा भुजंगच जेवणात कायतरी कालवतोय, याची त्याला खात्री होती. केवळाबाई, सटवाजीची बायको, समोर बसून वाढायची म्हणून तर तो अजून जिवंत होता. बिचारी!

दिवेलागणीला तो घरी पोचला. सेल वाचावेत म्हणून डबी बंदच ठेवली आणि रोजच्यासारखा देवापुढं बसला. लेक कासा विहिरीत बुडून गेली, तेव्हापासून तिच्यासाठी तो रोज मनातल्या मनात बोलत हात जोडायचा. आजही जोडले, डोळे पुसले.

मग बाजेवर आडवं होऊन त्यानं रुमालाखाली इअरफोन घातला, डबी भिंतीकडं लांब सरकवली, बटण दाबलं. शिट्टी नाही. जीव भांड्यात पडला.

भिंतीपल्याड स्वयंपाकघरात भुजंग रडत होता.

"आई, पुरं कर आता. नको कालवूस. बाप हाय त्यो माझा."

सटवाजीनं इअरफोन कानात आणखी दाबला.

"बाप?" केवळाबाईचा आवाज आला. "आत्ताच ऐकलंस न्हवं? 'कासे, म्याच तुला हिरीत ढकललं, माफ कर' म्हनून रोज देवापुढं वरडायलाय. त्या बहिऱ्याला वाटतंय, मनातच बोलायलोय."