डाव्या बाजूचा आरसा

"चावी टेबलावर ठेवा, मामाजी," कामिनी म्हणाली. "आरसा नीट बसला तर ठीक, नाही तर आजपासून पिंकी ऑटोनं शाळेत जाईल."

सासऱ्यांनी चावी ठेवली नाही. सदऱ्याच्या खिशात घातली आणि ते अंगणात निघून गेले.

गाडीचा डावा आरसा दोन महिन्यांत तिसऱ्यांदा फुटला होता. पहिल्यांदा पाण्याच्या टँकरनं घासला, दुसऱ्यांदा म्हणे स्कूलबसनं. चार दिवसांपूर्वी तर बिचाऱ्या विजेच्या खांबावर आळ आला. खांब काही स्वतः चालत येत नाही, एवढं बायकोला ऐकवून अमोल पहाटेच कन्हानला ड्युटीवर गेला. बापाच्या हातून चावी काढून घ्यायचं वाईट काम सुनेच्या गळ्यात टाकून मोकळा.

चावी मागायला कामिनीचाही जीव धजत नव्हता. सासूबाई गेल्यापासून रुपरावांना दुसरं उरलं तरी काय होतं? नातीला शाळेत सोडायचं आणि आणायचं, एवढ्यावर माणूस उभा होता. पण पोर एकुलती एक. उद्या आरशाऐवजी दुसरं काही फुटलं तर?

नवी काच कालच कुरिअरनं आली होती, डावी-उजवी जोडीच मिळते म्हणून दोन्ही. साधीसुधी नव्हे, गरम होणारी. गाडी अमोलनं दिल्लीच्या माणसाकडून सेकंडहँड घेतलेली, आणि तिकडच्या धुक्यात लागतात असे चोचले. नागपूरच्या उन्हात आरसा गरम करायला वायर म्हणजे हद्दच झाली. थंड करायची सोय असती तर गोष्ट वेगळी.

"मेकॅनिकला बोलावू का?" कामिनीनं दोरीवर कपडे टाकता टाकता विचारलं.

"काहून? माहे हात मोडले का?"

रुपरावांनी पेचकस कडेतून आत सरकवला आणि फुटकी काच मागच्या प्लास्टिकसकट उचकटून काढली. मागे दोन वायरी होत्या. त्या सोडवून त्यांनी नव्या काचेची पाठ बोटांनी चाचपली, एक वायर खोचली, मग दुसरी. मान वर, बोटं खाली. बायका पाठीमागे हात नेऊन वेणी घालतात, तसं चाललं होतं. मग काच जागेवर धरून मधोमध तळव्यानं दाबली. टक्क आवाज आला आणि काच बसली. अमोलकडून सात जन्मात झालं नसतं.

"निळी आहे का काच?" कामिनीनं दोरीपासूनच विचारलं.

रुपरावांनी पेचकस खिशात घातला. "नव्या गाड्यांले तशीच येते. डोळ्यावर चमक मारत नाई."

"बसून पाहा बरं. काय दिसतं?"

ते स्टिअरिंगपाशी बसले, डावीकडे वळले. "तू दिसून राहिली. साडी पिळून राहिली. मागं गेट, अन् गेटजवळ पिंकी सायकलची घंटी वाजवून राहिली."

सगळं बरोबर होतं. कामिनीच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं. उगाच म्हाताऱ्या माणसावर संशय घेतला, म्हणून तिला मनातून लाजही वाटली.

म्हणजे खोट दुसरीकडे होती. पिंकी आबाजींच्या शेजारी पुढच्या सीटवर बसायची आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. आबाजी, लाल. आबाजी, आता हिरवा. आबाजी, डाव्या हाताले गाय. आबाजी, हळू, स्कूटरवाली. कामिनी एकदाच त्यांच्यासोबत गेली होती, तर शाळा येईपर्यंत तिचं डोकं उठलं होतं. कानाशी असा रेडिओ लावला तर कोणाचंही लक्ष उडेल.

"पिंकी आजपासून मागे बसेल," तिनं जाहीर केलं. "आणि गप्प बसेल."

"बसू दे ना वं तिले पुढं. मले सवय हाय तिच्या बोलण्याची."

"तीच सवय मोडायची आहे, मामाजी. जमत नसेल तर चावी द्या."

रुपराव गाडीतून उतरले. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं नवी काच बराच वेळ पुसत राहिले. मग "बरं" म्हणाले.

कामिनीनं पिंकीला मागे बसवून बेल्ट लावला. "शाळा येईपर्यंत एक शब्द नाही. गप्प राहिलीस तर संध्याकाळी संत्रा बर्फी."

"पण आई, मग आबाजीले..."

"झालं तुझं सुरू? तोंडावर बोट."

पिंकीनं मुकाट्यानं ओठांवर बोट ठेवलं. गाडी हळूच गेटबाहेर निघाली, कुठंही न घासता.

कामिनी अंगणातला पसारा आवरायला लागली. खोक्यात उजवी काच तशीच उरली होती, तीही निळी. ऑफिसला निघायचंच होतं, म्हणून टिकली नीट करायला तिनं ती तोंडासमोर धरली.

टिकली दिसेना. तोंडही दिसेना. नुसता दुधी निळा रंग. पीस खराब आलेला दिसतो, असं म्हणत तिनं कडेवरून बोट फिरवलं, तर कोपऱ्यात नख अडकलं आणि अख्खा निळा प्लास्टिकचा कागद सर्रकन निघून हातात आला. खाली चकचकीत काच होती. तिच्यात कामिनीचा चेहरा लख्ख दिसला. मागचं गेटही दिसलं, गेटजवळची सायकलही.

तिनं दोरीकडे पाहिलं. साडीतून फरशीवर पाणी ठिबकत होतं. साऱ्या अंगणात त्याचा आवाज येत होता.

कामिनी अनवाणीच धावली. गाडी गल्लीच्या टोकाला, वर्धा रोडच्या तोंडाशी पोचली होती. काचा बंद. डावा आरसा निळाच्या निळा. पुढे सिग्नल लाल होता आणि गाडी हळू होत नव्हती.

"पिंकी, बोल," ती जीव खाऊन ओरडली. "आबाजींशी बोल, पिंकी!"

पिंकीनं मान वळवून मागच्या काचेतून आईकडे पाहिलं, आणि शहाण्या मुलीसारखं ओठांवर बोट ठेवलं.